टेबलाच्या दुसऱ्या टोकाला

बातमी आली तेव्हा माझ्यासमोर कॉफीचे दोन पेले होते. बेंगळुरूत 'बाय-टू' मागितली की एक कॉफी दोन लहान पेल्यांत वाटून आणून देतात. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये मी सवयीनं बाय-टूच मागितली होती. माझा पेला पिऊन झाला होता, दुसऱ्यावर साय धरली होती, आणि अतिदक्षता विभागातून फोन आला की डॉक्टर बोलावताहेत, लगेच वर या. बोलण्यात घाई नव्हती. घाई नव्हती म्हणूनच मला कळलं. मी पर्स उचलली, चष्मा डबीत ठेवला, डबीचं झाकण नीट लागलं का ते पाहिलं. असल्या वेळी माणूस काय काय करतो… तो दुसरा पेला तसाच राहिला.

वर्तमानपत्रांत मग फोटो आले, बहुतेक गणवेशातले. तोफखान्यातून लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त, त्यानंतर दिल्लीत सरकारचे सल्लागार, त्यानंतर परदेशात राजदूत, आणि शेवटी इथल्याच एका विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष. एका आयुष्यात चार नोकऱ्या, आणि चारही ठिकाणच्या माणसांची पत्रं, ईमेल, फोन. मी सगळ्यांना उत्तरं दिली, आल्या क्रमानं. त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांच्या बॅटरीतल्या, म्हणजे तोफांच्या तुकडीतल्या, एका सुभेदारांनी, दिल्लीतल्या एका सचिवबाईंनी, वकिलातीतल्या एका तरुण अधिकाऱ्यानं आणि कंपनीच्या लोकांनी, या एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी, एकच वाक्य लिहिलं होतं. जनरलसाहेबांसारखा ऐकणारा माणूस आम्ही पाहिला नाही. समोरच्याकडे पूर्ण वळून, तोंडाकडे एकटक बघत, मध्ये एक शब्द न बोलता ऐकायचे.

सगळं खरं आहे. फक्त त्यांना ऐकू येत नसे.

हे मी कुठे लिहिलं नसतं. पण तेराव्यानंतर मुलगा, सून आणि नातवंडं मेलबर्नला परत निघाली आणि मी त्यांना सोडायला देवनहळ्ळीला विमानतळावर गेले. सई, धाकटी, गाडीत माझ्या खांद्यावर झोपली होती. निहार आता पंधरा वर्षांचा आहे. तो खिडकीबाहेर बघत होता. पूर्वी जिथे द्राक्षाचे मळे होते तिथे आता प्लॉटच्या पाट्या आहेत, त्यात बघण्यासारखं काही नाही. एकदम म्हणाला, "आजी, एक विचारू? आजोबांना माझ्याशी बोलायला आवडायचं नाही ना? इट्स ओके. मला फक्त माहीत करून घ्यायचंय."

"असं का म्हणतोस रे?"

"मी फोनवर आलो की ते म्हणायचे, कसा आहेस, छान, आजीला देतो. एव्हरी सिंगल टाइम."

तेवढ्यात गाडी थांबली, बॅगा उतरवायच्या होत्या, ट्रॉली मिळेना, सई जागी होऊन रडायला लागली. मी निहारला म्हटलं, घरी जाऊन तुला लिहिते. परतीच्या गाडीत मागच्या सीटवर मी एकटीच होते, आणि त्याचं ते 'इट्स ओके' माझ्या शेजारी बसून थेट बसवनगुडीच्या घरापर्यंत आलं. बेटा, हे ते लिहिणं. एका मासिकाच्या संपादकांनी त्यांच्यावर लेख मागितला होता. तो आणि हे एकच असू दे. तुझा बाबा वाचून दाखवेल.

सुरुवातीपासून सांगते. तुझे आजोबा बेंगळुरूतल्याच राजाजीनगरचे. त्यांचे वडील इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून पुण्याहून आलेले. आमचं घराणं मात्र शहाजीराजांच्या काळापासून या मुलखातलं. त्यामुळे माझी मराठी ऐकून सासरी सगळे हसायचे. मी 'थोडं' म्हणायच्या जागी 'स्वल्प' म्हणते, 'ठीक'च्या जागी 'सरी' म्हणते, ही आमच्या घरात शिरलेली कानडी. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच ह्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडे शहाजीराजे येऊन गेल्यावर मराठीची डाक आलीच नाही का?" मी म्हटलं, "आली होती. तुमच्या पुण्याच्या लोकांनी वाटेत फोडली." तेव्हा कॅप्टन होते. दोन्ही कान शाबूत होते, आणि हसले म्हणजे भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात कळायचं.

आमची पहिली नेमणूक देवळालीला. तिथे मी मेसमधली पहिली मेजवानी पाहिली, आणि मला कळलं की सैन्यात नवराबायकोला जेवताना शेजारी बसू देत नाहीत. सगळीकडे तोच रिवाज. ज्याची बायको त्याच्यापासून लांब, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या शेजारी. माझ्या एका बाजूला एक मिशाळ कर्नल, दुसऱ्या बाजूला दातांचे डॉक्टर, आणि नवरा फुलदाण्या आणि मेणबत्त्यांच्या पलीकडे, पार दुसऱ्या टोकाला. कर्नलसाहेब घोड्यांविषयी बोलत होते. कंटाळून मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "निघू या?" त्यांनीही तसंच, नुसत्या ओठांनी उत्तर दिलं, "थोडं थांब." मला ते कळेना. दोनदा, तीनदा तेच. शेवटी त्यांनी डोळे मिटले, जणू माझ्यासमोर हार मानली, आणि म्हणाले, "स्वल्प." ते लगेच कळलं! शेवटच्या 'प'ला ओठ मिटतात ना, ते लांबूनही दिसतं. घरी येताना म्हणाले, "तुमची कानडी निदान तोफखान्याच्या कामाची आहे." त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात कायमचा राहिला. मी विचारायचं, निघू या? त्यांनी म्हणायचं, स्वल्प.

तेव्हा तो खेळ होता. मग डोंगरावरची ठाणी आली, तोफांजवळची वर्षं आली. मी इकडे आईकडे, ते तिकडे. दर सुट्टीला यायचे तेव्हा रेडिओ थोडा अधिक मोठा लावायचे. तोफखान्यात कान जाणं हे सर्दीसारखं; कुणी त्याची चर्चा करत नाही. सैन्याच्या डॉक्टरांनी डाव्या कानाचं लिहून ठेवलं होतं, लपवण्यासारखं काही नव्हतं. पण ब्रिगेडवरून परत आले तेव्हा डावा कान जवळजवळ संपलेला होता आणि उजवा त्याच्या मागोमाग निघालेला. एकदा मी स्वयंपाकघरातून हाक मारत राहिले, हे ओसरीत पेपर वाचत बसलेले. रागानं बाहेर आले आणि समोर उभी राहून काहीतरी बोलले, तर लगेच उत्तर! तेव्हा मला समजलं, ह्यांना मी ऐकू येते ती मी दिसते म्हणून.

दिल्लीत ते निभावलं. खोलीत तीन-चार माणसं, एका वेळी एकच बोलणार, तोंड समोर. राजदूत झाल्यावर मात्र मोठी जेवणं सुरू झाली, आणि तिथे यजमान टेबलाच्या एका टोकाला, यजमानीण दुसऱ्या टोकाला. मुख्य पाहुणीला यजमानाच्या उजवीकडे बसवायचं, तिच्या खालोखाल मानाची बाई डावीकडे. म्हणजे दर जेवणाला एक मोठ्या घरची बाई नेमकी मेलेल्या कानाशी! तेव्हा आम्ही युक्ती केली. मी माझ्या टोकावरून त्यांच्या डावीकडे नजर ठेवायची. ती बाई बोलायला लागली की मी कानातल्या कुडीला हात लावायचा, आणि हे सबंध वळायचे, खुर्चीसकट म्हटलं तरी चालेल. बायका भारावून जायच्या. एका बाईंनी मला विचारलं होतं, तुमच्या देशात सगळे पुरुष असे लक्ष देतात का? मी म्हटलं, निवडक.

एकदाच घोटाळा झाला, आम्ही हॉटेलात दिलेल्या एका मेजवानीत. माझ्या शेजारी एक हसवणारे म्हातारे गृहस्थ होते आणि मी हसण्यात रमले. तिकडे मंत्र्यांच्या पत्नी आपल्या आजारी आईविषयी काहीतरी सांगत होत्या, आणि हे अंदाजानं हसून मोठ्यानं म्हणाले, "वंडरफुल!" माझा हात कुडीपर्यंत पोचला तेव्हा उशीर झाला होता. परतताना गाडीत ड्रायव्हर होता, त्यामुळे ह्यांनी ओठांनीच विचारलं, "काय बोलत होत्या त्या?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे फुलं घेऊन स्वतः त्या बाईंकडे गेले, तिथे कान खराब आहेत असं सांगितलं, आणि तासभर बसून त्यांच्या आईविषयी सगळं समजून घेतलं. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "इतकं लांबचं बसणं कुणी काढलं असेल गं?"

कंपनीत मला जागा नव्हती. तिथल्या टेबलाला बायका नसतात. तिथे त्यांनी सुरुवातीला छान काम केलं, कामगारांना आवडायचे, कारण शॉप फ्लोअरवर यंत्रांच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नाही आणि सगळेच तोंडाकडे बघून बोलतात. घरी येऊन म्हणायचे, "आज मी बरोबरीचा होतो." पण मग बैठका फोनवर व्हायला लागल्या. टेबलाच्या मधोमध एक काळं, तीन पायांचं यंत्र ठेवायचे आणि त्यातून सिंगापूर, जर्मनी, मुंबई एकदम बोलायची. एका संध्याकाळी आले, बूट काढता काढता थांबले आणि म्हणाले, "त्याला तोंडच नाही." मला आधी समजलंच नाही कशाविषयी बोलताहेत. मुदत संपायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. वैयक्तिक कारण, असं छापून आलं. काहींनी तत्त्वाचा प्रश्न केला, काहींनी आतली भांडणं शोधली. चार माणसांचे ओठ एका वेळी दिसले असते तर ते अजून दोन वर्षं राहिले असते, एवढंच त्यातलं कारण.

मग आम्ही दोघंच. बसवनगुडीतलं हे घर, आठ माणसांचं जेवणाचं टेबल, आणि त्याच्या दोन टोकांना दोघं. पाहुण्यांना हसू यायचं. आमची स्वयंपाकाची गौरम्मा चिडायची. तिचं म्हणणं, दोघं एका बाजूला बसलात तर माझ्या पायांना आणि सारूच्या पातेल्याला, दोघांनाही बरं पडेल. मी एकदा शेजारी बसून पाहिलं होतं. अर्ध्या जेवणात हे उठले, ताट उचललं आणि आपल्या टोकाला जाऊन बसले. म्हणाले, "शेजारून तू नुसता एक गाल असतेस." माझी खुर्ची त्यांनी खिडकीसमोर आणून ठेवली होती, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्टी वाजवायचं, आणि कुकरची शिट्टीही दहापट करून सांगायचं. बहुतेक वेळ ते खणात असे. आवाज न करता आम्ही दिवसचे दिवस बोललोय, भांडलोयसुद्धा. गौरम्मानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, अम्मा जप करताहेत. मग म्हणाली, "जपात एवढे हातवारे?"

निहार, आता तुझं. तुमचा बाबा तिकडे गेला आणि तुम्ही झालात, बोलायला लागलात, ते सगळं फोनवर. फोनला तोंड नसतं. कॉम्प्युटरवर चेहरे दिसायला लागले तेव्हा ह्यांनी फार आशेनं खुर्ची पुढे ओढली होती. पण तुमचं चित्र मध्येच थिजायचं, ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, त्यात तुम्ही इंग्रजीत भराभर बोलणार, माना वळवणार. दोनदा प्रयत्न केला. मग मला म्हणाले, "आजीला देतो म्हणणं सोपं आहे."

"सांगा ना मुलांना," मी म्हटलं. "त्यांचा बाबा त्यांना मोठ्यानं बोलायला सांगेल."

"नको. मी जन्मभर पोरांवर ओरडलो, आता पोरं माझ्यावर ओरडणार? तू सांगायचं नाहीस."

"आणि त्यांना वाटलं, आजोबा बोलत नाहीत?"

"आजोबा असेच असतात, असं वाटेल. माझे तसेच होते."

पण तुला दिसत नव्हतं ते सांगते. रविवारी तुमचा कॉल यायचा तेव्हा लॅपटॉप टेबलाच्या मध्यावर, माझ्याकडे तोंड करून. तुम्हांला मी दिसायचे आणि माझ्या मागची भिंत. लॅपटॉपच्या झाकणापलीकडे, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आजोबा बसलेले असायचे. एकही रविवार चुकला नाही. तू एक वाक्य बोलायचास, मी ते मराठीत परत म्हणायचे. "अस्सं, म्हणजे रिलेत तुमचा दुसरा नंबर आला?" तू वैतागायचास. "आजी, आय जस्ट सेड दॅट! तू सगळं रिपीट का करतेस?" मी म्हणायचे, म्हातारी झाले रे. मी तुझ्यासाठी म्हणत नव्हते, बाळा. झाकणावरून पलीकडे बघून म्हणत होते. आणि ते तिकडून नुसत्या ओठांनी मला प्रश्न सांगायचे, जे मी तुला विचारायचे. पाण्यात उडी मारताना हनुवटी खाली ठेवतोस का? वळताना भिंतीला पाय कुठे लावतोस? तू एकदा विचारलं होतंस, आजी, तुला एवढं स्विमिंग कुठून कळतं? मला पोहण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी गुडघाभर पाण्यातही उभी राहत नाही. सैन्यात पोहण्याचं पदक तुझ्या आजोबांना होतं. तुझ्याशी दर रविवारी तेच बोलत होते.

सईचा पुढचा दात पडला तेव्हा ती लॅपटॉपच्या अगदी जवळ येऊन तोंड उघडून दाखवत होती. मी नुसतं म्हटलं, दात पडला. पण हे उठून टेबलाला वळसा घालून माझ्या मागच्या दारापर्यंत आले, तुम्हांला दिसणार नाही असे उभे राहून पडद्यावर तो दात बघून गेले. परत आपल्या जागी जाऊन बसले आणि स्वतःच्या दाताला बोट लावून मला म्हणाले, "कवळी पाठवू का विचार." ते मी तुम्हांला सांगितलं नव्हतं.

आता राहिला तो शेवटचा दिवस. सईनं विचारलं होतं, आजोबांशी शेवटी काय बोललीस, आणि मी म्हटलं होतं, मग सांगते. अतिदक्षता विभागात सगळ्यांच्या तोंडाला मास्क. डॉक्टर, सिस्टर, सफाईवाली, सगळे प्रेमानं, समजावून बोलत होते, आणि ह्यांना कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. कानाचं यंत्र काढून पाकिटात घालून माझ्याकडे दिलेलं, ते माझ्या पर्समध्ये. सिस्टर मला म्हणाल्या, "पेशंट स्वल्प कन्फ्यूज्ड आहेत, काही रिस्पॉन्स देत नाहीत." मी त्यांना म्हटलं, कन्फ्यूज्ड नाहीत, तुम्ही दिसत नाही आहात. त्यांना ते पटलं नसावं. मी पलंगाच्या पायथ्याशी, दिव्याच्या उजेडात जाऊन उभी राहिले आणि मास्क खाली ओढला.

"अम्मा, मास्क!"

"वन मिनिट, सिस्टर."

त्यांनी डोळे उघडले. मला पाहिलं. पलंगाच्या त्या टोकाला ते, या टोकाला मी, मध्ये नळ्या आणि ती पांढरी चादर. ऑक्सिजनचा मास्क त्यांनी हातानं जरा बाजूला केला आणि आवाज न करता विचारलं, "निघू या?"

आयुष्यभर हे मी विचारत आले होते. उत्तर देण्याची माझी पहिलीच वेळ. मी म्हटलं, "स्वल्प."

त्यांनी मान हलवली. समजल्याची. एका बाजूनं हसलेही, असं मला वाटतं. मग सिस्टर आल्या आणि त्यांनी आधी त्यांचा मास्क नीट केला, मग माझा. त्यानंतर मास्कच्या आत मी पुष्कळ बोलले… आधी कधी बोलले नव्हते तेही. ते त्यांच्यापर्यंत गेलं नाही, हे मला माहीत आहे. मग मला बाहेर पाठवलं, आणि मी खाली जाऊन बाय-टू मागितली.

घर आता फार मोठं झालंय. गौरम्मा म्हणते, अम्मा, आता तरी मधल्या खुर्चीवर बसा. मी बसत नाही, माझ्या तोंडावर उजेड तिथेच नीट पडतो. तुझा बाबा तिकडे ये म्हणतो. येईन, हिवाळा संपल्यावर विचार करीन. दिवसभर आवाज काढण्याचं कारण पडत नाही. कधी दूधवाल्याशी बोलताना माझा स्वतःचा आवाज मला अनोळखी वाटतो.

गेल्या रविवारी तुमचा कॉल आला. मी लॅपटॉप नेहमीच्या जागी ठेवला. निहार, तू म्हणालास की तुला शाळेच्या संघात घेतलं. मी म्हटलं, "हं." आणि थांबले. पुढचं म्हणायची गरज नव्हती. पलीकडे कुणी नव्हतं.

"आजी? फ्रीज झालं का?"

"नाही रे. इथेच आहे."

"मग तू म्हटलं नाहीस."

"काय?"

"मी म्हटलं ते. तू नेहमी परत म्हणतेस. नाही म्हटलंस तर मला वाटतं, लाइन गेली."

मी झाकणावरून पलीकडे पाहिलं. खुर्ची जराशी तिरकी होती, ते उठताना ठेवायचे तशी. गौरम्मानं पुसताना तशीच ठेवली होती. मी सावकाश, तोंड पूर्ण उघडून, प्रत्येक शब्द दिसेल असं सांगितलं, "निहारला शाळेच्या संघात घेतलं." मग थोडी थांबले, आणि विचारलं, "कोणता स्ट्रोक?"

"बटरफ्लाय," तू म्हणालास.

"बटरफ्लाय," मी पलीकडे सांगितलं.